माल त्यानं नेला, का तुम्ही दिला?

ऐन बेदाण्याच्या हंगामात आमच्या तासगाव तालुक्यातल्या मळ्यावर एका रात्रीत दोन ठिकाणी हात मारला गेला. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली आणि शेडजवळच्या खोलीचं कुलूप तोडून फवारणी पंपाची बॅटरी उचलली. त्याच आठवड्यात सांगलीला कोल्ड स्टोरेजला पाठवलेला बेदाणाही कमी भरला. शेडवर मोजून टेम्पोत चढवलेले सगळे बॉक्स तिथं उतरलेच नव्हते. तिन्हींचा मिळून एकच अर्ज पुतण्यानं लिहून दिला, वर जोशात ‘दरोडा’ असं ठळक अक्षरात.

पोलीस ठाण्यातल्या अंमलदारांनी आधी तो शब्द खोडायला लावला. दरोड्याला किमान 5 माणसं लागतात, शिवाय मारहाण किंवा धाकदपटशा. आमच्याकडं तर कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “केबल उघड्यावर होती? खोलीला कुलूप होतं? आणि बॉक्स टेम्पोवाल्यानं नेले, का तुम्ही त्याच्या ताब्यात दिले?” पुढचं सगळं या उत्तरांवर ठरलं.

केबल उघड्या विहिरीवरची, म्हणजे साधी चोरी. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम 379 च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागतं, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. मेख किमतीत आहे. माल 5,000 रुपयांच्या आतला निघाला तर गुन्हा अदखलपात्र, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. अशा वेळी चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. म्हणून केबलचं बिल कपाटातून शोधून काढलं. बिलं जपून ठेवा, एवढंच सांगतो.

बॅटरी केबलपेक्षा स्वस्त, पण गुन्हा मोठा. खोलीत कुणी झोपत नाही, नुसती अवजारं असतात. तरी माल ठेवायची इमारत म्हणून ती कायद्याला पुरते. सूर्यास्तानंतर चोरीसाठी कुलूप तोडून आत शिरलं की रात्रीची घरफोडी, आणि शिक्षा 14 वर्षांपर्यंत जाऊ शकते. वडील म्हणाले, “मग केबलपण खोलीत ठेवायची का?”

खरा वेळ गेला तो टेम्पोच्या प्रकरणात. बॉक्स आम्हीच विश्वासानं ड्रायव्हरच्या ताब्यात दिले होते. हमालानं चढवताना दोन बॉक्स गुपचूप बाजूला सारले असते तर ती चोरी. ताब्यात दिलेला माल वाटेत परस्पर विकला, तर तो अपहार, कलम 316. त्यातही भाड्यानं माल वाहणाऱ्याला किंवा गोदामवाल्याला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र माल दिल्याचा पुरावा आपल्याकडं हवा. ड्रायव्हरची सही असलेलं चलन आणि कोल्ड स्टोरेजची आवक पावती, दोन्हींतला फरक हीच आमची केस. खोटं नाव, खोटी नंबरप्लेट घेऊन पहिल्यापासून माल लांबवायलाच तो आला असता, तर कलम फसवणुकीचं लागलं असतं.

शेजारच्या काकांचं घोडं नेमकं इथंच अडलं. व्यापाऱ्यानं द्राक्षं नेली, थोडे पैसे दिले आणि उरलेल्याचा चेक वटला नाही. काकांना फसवणुकीचा गुन्हा हवा होता. वकील मात्र एकच विचारत राहिले, “माल नेला त्या दिवशीच त्याच्या मनात बुडवायचं होतं, हे कशावरून?” मागचे हंगाम त्यानं चोख पैसे दिलेले. अशी थकबाकी दिवाणी कोर्टात जाते. चेकची वाट वेगळी, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट या चेक-हुंडीच्या कायद्याचं कलम 138. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे. काकांची नोटीस वेळेत गेली, ते बरं झालं.

आमचे दोन गुन्हे वेगवेगळे नोंदले गेले, त्या रात्रीच्या केबल-बॅटरीचा एक आणि टेम्पोचा दुसरा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. सही करण्याआधी मी चलन समोर ठेवून बॉक्सचा आकडा ताडून बघितला.

पुढं काही बॉक्स सापडले आणि मुद्देमाल म्हणून जमा झाले. बेदाणा उष्णतेत राहिला की काळा पडतो आणि सौद्यात दर पडतो, म्हणून वकिलांनी लगेच मॅजिस्ट्रेटकडं ताबा मागणीचा अर्ज टाकला. फोटो काढून, बंधपत्रावर माल परत मिळाला. रंग थोडा उतरला होता, दरही तसाच लागला. केबलचा अजून पत्ता नाही. पाणी थांबवता येत नाही, म्हणून नवी टाकली.