नळाला पाणी कधी येणार हे विषय समितीत ठरतं

आमच्या गावात पाणी आलं नाही, गटार तुंबलं, खांबावरचा दिवा गेला की पहिलं वाक्य एकच, नगरसेवकाला फोन लाव. आणि तो नगरसेवक बिचारा पुढे व्हॉल्व्हमनला नाहीतर मुकादमाला फोन लावतो, आणि ज्याचा फोन आधी लागला त्याचं काम आधी होतं. गाव म्हणतेय खरी पण आमची ब वर्ग नगरपरिषद आहे, म्हणजे चाळीस हजार ते एक लाखाच्या मधली वस्ती, त्यामुळे सगळे एकमेकांना ओळखतात आणि फोन नंबर सगळ्यांकडे असतात. पण कुठल्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं, जळालेली मोटर रिवाइंड करायची का नवी घ्यायची, घंटागाडी कुठल्या बोळात शिरणार, नालेसफाईचं टेंडर एप्रिलमध्ये निघणार का जूनमध्ये, हे सगळं खरं तर विषय समित्यांच्या, म्हणजे पाणी, सफाई अशा एकेका विषयासाठी नगरसेवकांच्या ज्या समित्या असतात त्यांच्या, बैठकीत ठरायला हवं, कायद्याने तिथेच ठरतं, आणि त्या बैठकीकडे गावातल्या कुणाचंच लक्ष नसतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, मग समित्या बनल्या, सभापतींचे हार घातलेले गुलालातले फोटो ग्रुपवर फिरले, अभिनंदनाचे बॅनर लागले. त्यानंतर सभापती नेमकं करतात काय हे कुणी विचारत नाही. मला हे माहिती असण्याचं कारण म्हणजे माझी आत्या. ती पूर्वी नगरसेविका होती आणि एक वर्ष पाणीपुरवठा समितीची सभापती होती. तेव्हा बाई निवडून आली की तिला महिला बालकल्याण द्यायचं असं जणू ठरलेलंच असायचं. आत्याने गटनेत्याला स्पष्ट सांगितलं, मला पाणी पाहिजे, गावातल्या बायकांचा अर्धा दिवस पाण्यात जातो, मग ते खातं बाईकडे का नको. दिलं शेवटी.

आता जरा रचना सांगते, कारण नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांच्यातला फरकसुद्धा खूप जणांना माहीत नसतो. सगळा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमावर चालतो. त्याच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेने काय केलंच पाहिजे याची यादी आहे, दिवाबत्ती, सफाई, गटारं, पाणी, स्मशानभूमी, जन्ममृत्यू नोंदणी वगैरे. मुख्याधिकारी म्हणजे सीओ हा सरकारी अधिकारी, प्रशासन त्याच्या हातात. नगराध्यक्ष आपण निवडून देतो. आणि मधल्या कामासाठी समित्या, बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिस्सारण, स्वच्छता वैद्यक व आरोग्य, शिक्षण क्रीडा, नियोजन व विकास, महिला बालकल्याण. या सगळ्यांचे सभापती आणि आणखी काही सदस्य मिळून स्थायी समिती, तिचा अध्यक्ष नगराध्यक्ष. उपनगराध्यक्षाकडे एखादी विषय समिती असतेच. सदस्य पक्षांच्या तौलनिक संख्याबळाप्रमाणे जातात, निवडीच्या दिवशी पीठासीन अधिकारी म्हणून प्रांत नाहीतर तहसीलदार येऊन बसतात, गटनेते बंद पाकिटातून नावं देतात आणि तासाभरात सगळं उरकतं.

मुदत एक वर्ष. मला हे अजिबात पटत नाही. पाण्याचं खातं एका वर्षात कुणालाही समजत नाही हो. आमच्या गावची जुनी पाइपलाइन कुठून कुठे जाते याचा नकाशा कागदावर अर्धाच आहे, उरलेला अर्धा एका म्हाताऱ्या व्हॉल्व्हमन काकांच्या डोक्यात. सभापतीला कुठे कळायला लागतं तोवर वर्ष संपतं, मग दुसऱ्या गटाला पद द्यायचा शब्द दिलेला असतो, नवीन माणूस येतो आणि परत पहिल्यापासून.

आत्या सभापती झाली आणि पहिल्यांदा त्या काकांबरोबर फिरली. मी तेव्हा कॉलेजात होते, स्कूटीवर तिला मीच न्यायचे. वरच्या आळीला कायम पाणी कमी दाबाने येतं अशी तक्रार होती. तिने विचारलं, काका, वरच्या आळीला दाब का मिळत नाही? काका म्हणाले, "ताई, खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की वर काय राहत नाय, आणि खालचा कमी केला की खालचे लोक साहेबांना फोन लावतात, साहेब मला लावतात, मी परत उघडतो. मला काय कागद दिलाय का कुणी, की एवढाच उघडायचा म्हणून?"

हे वाक्य आत्याने धरून ठेवलं. पुढच्या बैठकीत तिने पाणीपुरवठा अभियंत्याकडून रीतसर टिपणी, म्हणजे समितीपुढे ठेवायचा लेखी प्रस्ताव, घेतली, कुठल्या झोनला किती वाजता, किती वेळ, कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा, आणि ते सगळं ठरावात घेतलं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, चर्चा होऊन सर्वानुमते ठरले. ठरावाची झेरॉक्स काकांच्या खिशात. त्यानंतर फोन आला की काका सांगायचे, समितीचा ठराव आहे, बदलायचा असेल तर समितीत बदला. भांडणं थांबली असं मी म्हणणार नाही, खालच्या भागातले दोन सदस्य पुढच्या बैठकीत चांगलेच तापले होते, पण भांडण व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी न होता टेबलावर झालं, सगळ्यांसमोर झालं, इतिवृत्तात आलं. वरच्या आळीला पाणी मिळालं. मला समितीचं महत्त्व पटलं ते तेव्हा. ज्याची कुणाशीच ओळख नाही, ज्याचा फोन साहेब उचलत नाहीत, त्याच्यासाठी लेखी ठराव हाच एक आधार असतो, आणि सगळ्यात खालच्या पगाराच्या माणसालासुद्धा तोच वाचवतो.

दुसरी गोष्ट तुरटीची. नगरपालिकेच्या अजेंड्यावर दरवर्षी एक विषय असतोच, "सन अमुक करिता जलशुद्धीकरण केंद्रास तुरटी व टीसीएल पावडर पुरवठा करणेकामी आलेल्या दरांना मान्यता देणे." टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. सगळे हात वर करतात, पुढचा विषय. आत्या मात्र आधी फिल्टर प्लँटवर जाऊन बसली. नदीला गढूळ पाणी आलं की तुरटी जास्त लागते, किती लागते ते जार टेस्टवरून काढतात, काचेच्या भांड्यांत वेगवेगळा डोस टाकून ढवळायचं आणि कुठल्या भांड्यात गाळ नीट खाली बसतो ते बघायचं. प्लँटवरच्या ऑपरेटरने रोजचा डोस रजिस्टरमध्ये अगदी नीट लिहिलेला होता. पण टिपणी बनवणाऱ्याने ते रजिस्टर उघडूनच बघितलं नव्हतं, मागच्या वर्षीचा आकडा तसाच पुढे ओढलेला. म्हणून ऐन पावसाळ्यात तुरटी संपायची, मग तातडीची खरेदी, ती महाग, आणि मधले दिवस लोकांना मातकट पाणी. तिने त्या रजिस्टरची पानं टिपणीला जोडायला लावली. एवढंच केलं. त्यात राजकारण नव्हतं, भाषण नव्हतं, पेपरात फोटो आला नाही. आणि शेवटच्या टोकाच्या घरातल्या नळावर ओटी टेस्ट करून, म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघून, क्लोरीन उरतंय का ते बघायचं, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम, याचा अहवाल दर बैठकीत ठेवायचा असंही ठरवून घेतलं. टाकीपाशी सगळ्यांचंच पाणी चांगलं असतं, टोकाच्या घराला काय पोचतं ते महत्त्वाचं.

आता वेळ किती लागतो त्यावर बोलू, कारण लोकांचा सगळा राग तिथेच असतो आणि तो राग खोटा नाही. एक साधं गटार बांधायचं तर टिपणी, समिती, मग रक्कम मोठी असेल तर स्थायी नाहीतर जीबी (सगळ्या नगरसेवकांची सर्वसाधारण सभा), अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता, ई-निविदा, दरमंजुरी, कार्यादेश, काम, एमबीत म्हणजे मोजमाप पुस्तकात नोंद, बिल. यातली एक पायरी अडली की फाइल कपाटात. पाइप फुटला, साथ आली अशा वेळी थांबता येत नाही म्हणून नगराध्यक्षांना कलम ५८(२) खाली तातडीने काम करून घेता येतं, नंतर ते सभेपुढे ठेवायचं. चांगली तरतूद आहे, पण जिथे साधी रंगरंगोटीसुद्धा त्यात बसवतात तिथे समितीला काही अर्थच उरत नाही. आणि ऐनवेळचे विषय! अजेंडा सात दिवस आधी वाटला जातो, तो सदस्य वाचतात न वाचतात, आणि खरे पैशाचे विषय शेवटी ऐनवेळी आणून मंजूर, ज्यावर टिपणीसुद्धा कुणी बघितलेली नसते. हे बंद व्हायलाच पाहिजे.

मधली चार वर्षं तर समित्याच नव्हत्या. ओबीसी आरक्षणाचा विषय सुप्रीम कोर्टात होता, निवडणुका लांबत गेल्या, ६ मे २०२५ ला कोर्टाने निवडणुका घ्या सांगितलं तेव्हा कुठे हालचाल झाली. तोपर्यंत राज्यभर प्रशासक. काही लोक म्हणतात तेव्हाच बरं होतं, फायली पटापट हलायच्या. हलायच्या हे मान्य आहे, कारण टिपणीही प्रशासनाची आणि ठरावही प्रशासकाचा, मध्ये प्रश्न विचारणारं कुणी नाही. पण वरच्या आळीतल्या बाईने जायचं कुणाकडे? सीओंना भेटायला चिठ्ठी द्यायची आणि बाकावर बसायचं. टोकाच्या नळाचा अहवाल मागणारं कुणी नव्हतं त्या काळात. मी निवडून आलेल्या समितीच्या बाजूने आहे, ती हळू चालली तरी.

छोट्या गावांना जमत नाही असं कुणी म्हटलं की मला राग येतो. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं कराड, दुसरं सासवड, तिसरं लोणावळा. २०२१ ला पहिलं विटा. सगळ्या आपल्याच नगरपालिका. वेंगुर्ल्याने तर घरातच कचरा वेगळा करायला लावून डम्पिंग ग्राउंडचं असं रूप केलं की लोक ते बघायला जातात. कराडला लागून असलेल्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, तेही ते अगदी छोटं असताना. पैसा आणि माणसं कमीच असतात सगळीकडे.

कचऱ्याच्या बाबतीत सगळं अवलंबून असतं ते टेंडरच्या अटींवर, आणि त्या अटी बघायचं काम आरोग्य समितीचं. बिल टनावर द्यायचं ठरलं की ओला कचरा, माती, राडारोडा, जेवढं वजन तेवढे पैसे, मग वेगळा करण्यात कुणाला रस राहणार? तेच घरटी हजेरीवर, किती घरांतून वेगळा कचरा उचलला यावर बिल काढलं तर गाडीवरचा माणूसच बादली बघून सांगतो, मावशी ओला सुका वेगळा द्या. सदस्याने हे एक पान वाचलं तर वर्षभराचा फरक पडतो. आणि गाडीवरच्या त्या पोरांना हातमोजे, बूट, वेळेवर पगार, पीएफ भरल्याच्या पावत्या, हेसुद्धा त्याच कागदात असतं. बिल मंजूर करताना पावत्या मागा ना. मागणारा एक सदस्य लागतो फक्त.

जीबी नागरिकांसाठी खुली असते, जाऊन बसता येतं, बोलता येत नाही पण ऐकता येतं. मी जाते. समितीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मिळतं, आणि खरं तर अर्ज न करताच ते वेबसाइटवर असायला पाहिजे. आमच्याकडे अजून नाही, मागणी लेखी दिलेली आहे.

सध्या माझा जीव अडकलाय नालेसफाईत. समित्या नव्या आहेत, बजेट झालं, आता ही टिपणी लगेच यायला पाहिजे, नाहीतर कार्यादेश निघेपर्यंत पाऊस येतो. एसटी स्टँडमागच्या नाल्यातून गाळ काढतात आणि काठावरच ठेवतात, पहिल्या मोठ्या सरीला तो सगळा परत आत आणि पाणी मागच्या वस्तीतल्या घरांत. म्हणून आमच्या प्रभागातल्या दोन्ही नगरसेवकांना मी पत्र दिलंय की टेंडरमध्ये तीन अटी घाला, काम सुरू व्हायच्या आधी गाळाची मोजणी फोटोसकट, गाळ दोन दिवसांत उचलून नेल्याशिवाय बिल नाही, आणि मोरीच्या आतलं तोंडसुद्धा साफ, फक्त दिसणारा भाग नाही. त्यातल्या एक आरोग्य समितीवर आहेत, त्या म्हणाल्या बैठकीत मांडते. तुमच्या भागातला असा नाला असेल तर तुमच्या सदस्याला याच महिन्यात द्या पत्र, आणि त्यावर आवक नंबर, म्हणजे पत्र मिळाल्याचा नोंदणी क्रमांक, घ्यायला विसरू नका.