"ओळख बरं, मी कोण?"

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. आईला अल्झायमर आहे, विसरण्याचा आजार. ती आत्ता कुठे झोपलीय, माझा उजवा हात घट्ट धरून, म्हणून हे सगळं डाव्या हाताने टाईप करतेय.

आज नेरूळहून मामा आला होता. बऱ्याच महिन्यांनी आला, येताना तिला आवडतात म्हणून नारळाच्या वड्या घेऊन. आणि चपला काढता काढताच दारातून मोठ्याने, "काय ताई, ओळख बरं, मी कोण?"

आई पाटावर कापूस घेऊन वाती वळत बसली होती. हात थांबले. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हसली, लग्नात कोणीतरी समोर येऊन बोलायला लागतं आणि आपल्याला ओळख लागत नाही तेव्हा हसतो ना, तसं. "ओळखते की, असं कसं." "मग नाव सांग." मामाच्या मनात वाईट काहीच नव्हतं, त्याला फक्त एवढंच हवं होतं की ताई अजून आपल्याला विसरलेली नाही. पण तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने वळलेल्या वाती मुठीत लपवल्या आणि मला हळूच म्हणाली, "माझं काही चुकलं का गं?"

27 वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती. ते वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मीही हेच केलं. सकाळी चहा झाला की आज वार कोणता, महिना कोणता, नातवाचं नाव काय. मला वाटायचं पाढ्यांसारखं आहे, रोज घोकून घेतलं की राहील लक्षात. डॉक्टरांनी शेवटी समजावलं की अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग अगदी सुरुवातीलाच खराब होतो, नवीन गोष्ट साठवायची जागाच ती, मग घोकून जाणार कुठे? विचारायचं काम आमचं, म्हणाले, तुम्ही घरी परीक्षा घेऊ नका. नंतर वाचलं की ज्या बाईंवरून हा आजार कळला त्यांनाही हेच विचारलं होतं. 1901 साल, फ्रँकफर्ट, त्या 51 वर्षांच्या होत्या. डॉ. अल्झायमरनी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं ऑगुस्ट, ते बरोबरच होतं. नवऱ्याचं नाव? तर म्हणाल्या, ऑगुस्ट, बहुतेक. ते "बहुतेक" वाचलं आणि मला आईचं ते हसू आठवलं. डॉक्टरने विचारणं ठीक आहे, त्याला निदान करायचंय, आपल्याला काय करायचंय उत्तराचं?

असो. मामाला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की तू काही विचारू नकोस, नुसता जवळ बस आणि जुनं काहीतरी बोल. तो बसला, कापूस घेतला, आणि त्याच्या वाती इतक्या वाकड्यातिकड्या की आईने त्याच्या हातातून ओढूनच घेतल्या. बोटाला दुधाचा थेंब लावायचा, कापूस असा लांबवायचा, मग तळव्यावर एकदाच फिरवायचं. सगळं करून दाखवलं, एकदाही न अडखळता. जेवलो की नाही हे तिला दहा मिनिटांनी आठवत नाही, पण हातांची सवय मेंदूत दुसरीकडे असते म्हणे, ती बरीच टिकते. आमच्याकडे तीन डबे भरलेत वातींचे.

मग मामा ठाण्यात चरईतल्या जुन्या घराबद्दल बोलायला लागला, मासुंदा तलावाबद्दल, आणि आई एकदम म्हणाली, "माझा धाकटा भाऊ पडला होता हो तिथे तळ्यात. मार मला बसला." त्यालाच सांगत होती. मी श्वास धरून बसले, आता हा म्हणणार तो मीच. पण तो तसं म्हणालाच नाही. "हो का? मग काय झालं?" एवढंच. पुढे अर्धा तास ती बोलत होती, इतकं ती गेल्या महिन्यात मिळून बोलली नसेल.

सहा वाजले आणि रोजचं सुरू झालं, पर्स शोधायची, शाळा सुटली, घरी जाते, आई वाट बघत असेल. पूर्वी मी म्हणायचे, अगं आजी जाऊन किती वर्षं झाली, आणि ती जणू आत्ताच बातमी कळल्यासारखी रडायची, रोज संध्याकाळी नव्याने. आता म्हणते चल, सोडते तुला. खाली बिल्डिंगला दोन चकरा, की वर येते बिचारी निमूट.

एक लिहून ठेवते, कोणाला तरी उपयोग होईल. जूनमध्ये दोन दिवसांत ती एकदम पार बदलली, भिंतीवर माणसं दिसायला लागली, मावशींच्या अंगावर धावून गेली. आम्हाला वाटलं आजारच वाढला. निघालं युरिन इन्फेक्शन, अँटिबायोटिकने आठवड्यात पूर्वीसारखी झाली. या वयात ताप, जळजळ काही नसतानाही होतं असं. तेव्हा बदल अचानक असेल तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा, लघवी तपासून घ्या.

दाराला आतून नाही, बाहेरून कागद लावलाय मघाशी, बेलच्या वर. "आईला मी कोण असं विचारू नका. आपलं नाव आपणच सांगा."

झोपताना आई म्हणाली, ते गृहस्थ परत कधी येणार गं, वाती शिकायला? मामाला लगेच फोन लावला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, रविवारी येतो, कापूस मी आणतो.