निळ्या वेलींखालचे कामगार

स्टॉकहोमला आल्यावर पहिले काही आठवडे मी टी-सेंट्रालेनला नुसती धावत गाडी बदलायचे. मेट्रोच्या तिन्ही लाइन इथे भेटतात, गर्दीत दादरची आठवण येते. एकदा ब्लू लाइनची गाडी समोरून गेली आणि नाइलाजाने थांबले, तेव्हा मान वर झाली. वर पांढऱ्या रंगातली खडबडीत गुहा आणि तिच्या छतभर निळी पानं, निळ्या वेली. आजोळच्या माजघरातला नीळ घातलेला चुना आठवला.

ब्लू लाइनची बरीच स्टेशनं खडक फोडून केलेली आहेत. खडकावर काँक्रीटचा फवारा मारला, पण भिंती सपाट केल्या नाहीत. टी-सेंट्रालेनचं हे काम पेर ओलोफ उल्टवेट यांचं, 1975 सालचं. धावपळीतल्या प्रवाशाला जरा शांत वाटावं म्हणून त्यांनी निळा रंग घेतला.

वेलींपासून थोडं पुढे गेलं की त्याच निळ्या रंगात माणसांच्या आकृत्या दिसतात. कोणी वेल्डर, कोणी सुतार. ज्यांनी हे स्टेशन बांधलं तेच हे कामगार! हे कळल्यावर मी पुढच्या दोन गाड्या सोडल्या.

इथल्या 100 स्टेशनांपैकी 90 हून जास्त ठिकाणी अशी कला आहे. तिकीट 75 मिनिटं चालतं, तेवढ्यात तीन-चार स्टेशनं आरामात बघून होतात. सोलना सेंट्रुमला तर जाच. वर लालभडक आकाश, खाली जवळजवळ एक किलोमीटर लांब हिरवं जंगल, आणि त्यात 1970 च्या दशकातला स्वीडन: तुटणारी झाडं, ओस पडणारी गावं. आम्हा कोकणातल्या माणसांना ते चित्र समजावून सांगावं लागत नाही. ऑस्टरमाल्मस्टोर्गला सिरी डेर्कर्ट यांनी स्त्रियांचे हक्क आणि शांतता हे विषय काँक्रीटच्या भिंतींवर कोरलेत. 1965 मध्ये ते पूर्ण झालं तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या.

मी मात्र फिरून फिरून त्या कामगारांपाशीच येते. बाबांनी तीस वर्षं सेंट्रिंगची कामं केली. त्यांनी उभ्या केलेल्या एकाही इमारतीवर त्यांची खूण नाही. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल लावून मोबाइल त्या भिंतीकडे धरला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जरा डावीकडं घे गं. त्या शिडीवाल्याला नीट बघू दे."