चेनसॉला ट्रॅक्टरवर हक्काची जागा : आमची वाटचाल

दापोली तालुक्यातलं आमचं वर्कशॉप वडिलांनी सुरू केलं, तेव्हा कामं ठरलेली होती. खिडक्यांचे ग्रिल, गेट, शेडचे ट्रस आणि पावसाच्या तोंडावर पॉवर टिलरची लोखंडी चाकं. आयटीआयला वेल्डिंग शिकून मी त्यांच्या हाताखाली उभा राहिलो, तेव्हाही शेतीची अवजारं हे जोडकामच होतं. आज आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी आहे ती ट्रॅक्टरवर चेनसॉ आणि हत्यारं नेण्याच्या कॅरिअरला. त्यातली मूळ कल्पना आमची नाही. ट्रॅक्टरवाले आणि झाडं तोडणारी मंडळी जे स्वतःच्या हातांनी बांधून आणायची, तेच बघत आम्ही शिकलो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. दापोली-मंडणगडची किनारपट्टी त्यात भरडून निघाली. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, नारळ मोडले, वडिलांच्या वडिलांनी लावलेले हापूस मुळासकट उपटले. लॉकडाऊनमुळे माणसं घरीच होती आणि वीज नव्हती. आम्ही जनरेटरवर घरांचे ट्रस जोडत होतो. त्या पावसाळ्यात ज्यांनी कधी चेनसॉ हातात धरला नव्हता, त्यांनीही तो विकत घेतला. बागेत पडलेली झाडं कापल्याशिवाय दुसरं काही करताच येत नव्हतं.

मशीन आलं, पण ते न्यायचं कसं? आमच्याकडचे रस्ते चढउताराचे, बागांच्या वाटा जांभ्याच्या. मोठे ट्रॅक्टर कमी, छोटेच जास्त, आणि छोट्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरपुरतीच जागा. मग एक गडी मडगार्डवर बसायचा आणि चेनसॉ मांडीवर घ्यायचा. पान, म्हणजे जिच्यावर चेन फिरते ती लांब चपटी पट्टी, उघडं आणि चेन मोकळी. गडग्याच्या दगडावरून चाक उडालं की त्याच्या हाताला धरायला काही नसायचं, कारण दोन्ही हात मशीनवर. हे दृश्य मी रोज बघत होतो आणि मला ते सहन होत नव्हतं. मशीनला स्वतःची जागा मिळाली, तर माणसाला मडगार्डवर बसायचं कारणच उरणार नाही, या एका विचारावर आमचं पुढचं सगळं काम उभं आहे.

लोकांनी आपापले उपाय काढले होतेच. कुणी सुंभाने मशीन सीटच्या पाठीला बांधायचा. कुणी मागच्या लिंकेजवर, म्हणजे अवजार जोडायच्या दांड्यांवर, भाजीचा प्लास्टिकचा क्रेट ठेवून त्यात सगळं टाकायचा. त्यात पहार चेनवर आपटायची आणि दात बोथट व्हायचे. एका बागायतदाराने चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा बांधून त्यात पान खोचलं होतं. तो उपाय मला सगळ्यात आवडला. मशीन उभं राहत होतं, चेन झाकलेली होती आणि हातही मोकळे होते. पण पीव्हीसी उन्हाने आणि हादऱ्यांनी तडकतो. शिवाय गोल पाइपात चपटं पान खडखडतं.

आम्ही त्याचीच म्यान केली. जुन्या कन्व्हेअर बेल्टचे दोन लांब तुकडे, कडांना मध्ये लोखंडी पट्टी, आणि ठरावीक अंतरावर आरपार बोल्ट. आत पान आणि चेन सैलसर बसेल एवढीच फट. बोल्टची डोकी बाहेर आणि कडेला, चेनला बोल्ट कुठेही लागत नाहीत. तळ मुद्दाम उघडा ठेवतो. चेनचं ऑइल झिरपत राहतं, त्यात भुसा मिसळतो, आणि तळ बंद असला की त्याचा काळा लगदा साचून म्यान गच्च होते. उघड्या तळातून सगळं खाली पडतं. वर मशीनचं अंग टेकायला रबर लावलेली छोटी बैठक आणि हँडलवरून जाणारा पट्टा. म्यानेत ठेवण्याआधी मशीन बंद, चेन ब्रेक लावलेला, आणि सायलेन्सर गार झालेला हवा. गरम सायलेन्सर रबराला लागला की रबर जळतं, आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी तेवढी उष्णता नकोच.

बसवायचं कुठे, यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. गिऱ्हाईक म्हणतं, मडगार्डला भोकं पाडा आणि टाका बोल्ट. मडगार्डचा पत्रा पातळ असतो. त्यावर हलतं वजन आलं की भोकापासून चीर सुरू होते. म्हणून आम्ही मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगला दोन यू-बोल्ट घालून जाड प्लेट आवळतो आणि त्या प्लेटवरून खांब वर आणतो. ट्रॅक्टरला भोक नाही, वेल्डिंग नाही. सेफ्टी फ्रेम असेल तर तिला तर हातच लावायचा नाही. उलटताना माणसाला वाचवणारी ती चीज आहे, तिच्यावर वेल्डिंगचा टाका मारला की तिचं बळ कमी होतं. नट सगळे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, हादऱ्यांनी न सुटणारे, कारण साधे नट आमच्या रस्त्यांवर टिकत नाहीत.

ज्यांच्याकडे सामान जास्त, त्यांच्यासाठी थ्री पॉइंटवर, म्हणजे त्याच मागच्या लिंकेजच्या तीन जोडांवर, बसणारी चौकट बनवतो. छोट्या ट्रॅक्टरला खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरच्या टॉप लिंकची १९ ची. चौकटीत दोन म्याना, पहारीला आणि कुऱ्हाडीला वेगळे खण, दोरखंडाला हूक. पेट्रोल मिक्स (इंजिनसाठी ऑइल मिसळलेलं पेट्रोल) आणि चेन ऑइलचे कॅन दोन वेगळ्या रंगांचे, दोघांमध्ये आडवी पट्टी. घाईत मिक्सच्या टाकीत चेन ऑइल ओतलं गेलं की त्या दिवसाचं काम संपलंच. चौकट मागे टांगली जाते, म्हणून वजन जितकं चाकांजवळ आणि खाली ठेवता येईल तितकं ठेवतो. छोटा ट्रॅक्टर चढावर आधीच पुढून हलका होतो. फार भरणार असाल तर पुढे वजनं लावा, हे आम्ही बिल देताना सांगतो आणि पुन्हा फोन करूनही सांगतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं, आणि सिंधुदुर्गातूनही ऑर्डर यायला लागल्या. तिथून पुढे हे काम वादळापुरतं राहिलं नाही. जुन्या हापूसच्या बागा छाटून नव्याने धरायच्या, तर जाड फांद्या कापाव्या लागतात आणि कापलेल्या तोंडांना लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी लागते. ही कामं करणाऱ्या टोळ्यांनी चौकटीवरच्या सामानाच्या पेटीत पेस्टच्या बादलीला झाकणासकट जागा मागितली, ब्रशला क्लिप मागितली. मोरचूद लोखंडाला खातं, म्हणून तो खण आता जाड प्लास्टिकचा असतो. चेनला धार लावायच्या कानशीसाठी पेटीच्या बिजागराजवळ एक नळी लावली आहे. ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांच्या मापाच्या) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, आणि ती पेटीत सुटी टाकली की नेमकी हवी तेव्हा सापडत नाही. ही नळी आमच्याकडे काम करणाऱ्या पोराने सुचवली. मला ती साऱ्या पेटीतली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते.

माल महाग पडतो, असं काही जण म्हणतात. ज्यांना नको त्यांना मी म्यान घरी कशी करायची ते कागदावर काढून देतो. बेल्टचे तुकडेही देतो. धंद्याचं नुकसान होत नाही, आणि चेन झाकलेली राहते. मात्र दोन गोष्टी आम्ही करून देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. मडगार्डवर माणसाला बसायची सीट, आणि ड्रायव्हरच्या पायाशी चेनसॉचं स्टँड. क्लचच्या जवळ काहीही नको.

सध्या पॉवर टिलरच्या ट्रॉलीसाठी हलकी म्यान करतो आहोत. टिलर ट्रॅक्टरपेक्षा जास्त थरथरतो, त्यामुळे बैठकीखाली रबराचे बुश घालून बघतो आहोत. बनवून घ्यायची असेल तर येताना पानाची लांबी मोजून आणा, अॅक्सलचा मागून काढलेला फोटो आणा, आणि जमलं तर मशीनच घेऊन या. मशीन समोर असलं की बैठक पहिल्या फिटिंगलाच नीट बसते.