नऊ सेकंदांचं मोडी पत्र

कादंबरीत हे पत्र अडीच पानं चालतं. मालिकेत ते पडद्यावर नऊ सेकंद दिसणार होतं, आणि तेवढ्यासाठी ग्वाल्हेरातल्या लष्कर नावाच्या भागातल्या एका जुन्या वाड्यात ऐन मे महिन्यातला अख्खा दिवस गेला. मोडी लिहून देण्याचं काम माझ्याकडे होतं.

प्रसंग मार्च १७९४चा. महादजी शिंदे फेब्रुवारीत वानवडीला वारले. त्या छावणीतला एक शिलेदार ग्वाल्हेरला बायकोला लिहितोय. संहितेत मायना ‘प्रिये’, पत्ता ‘लष्कर, ग्वाल्हेर’ आणि खाली ‘१७ मार्च १७९४’. तिन्ही चूक. लष्कर वसलं महादजींचे वारस दौलतराव यांच्या तळामुळे, १८१०मध्ये, ते खोडलं. तारखेच्या जागी ‘छ १४ साबान’ (शाबान महिन्याचा चौदावा चंद्र) आणि सनासाठी अरबी आकडे, ‘अर्बा तिसैन मया व अलफ’ आले. म्हणजे चार, नव्वद, शंभर, हजार : मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन ११९४. हा सन मृगाला बदलतो, म्हणून इसवी सन काढायला मार्चमधल्या पत्राला ६०० मिळवायचे, पावसाळ्यातल्याला ५९९. ‘प्रिये’ काढून ‘वज्रचुडेमंडित’ घातलं तेव्हा पटकथाकार हिरमुसले. मला विचाराल तर बायकोच्या हातातले चुडे वज्राचे राहोत म्हणणाऱ्या नवऱ्याला आणखी ‘प्रिये’ कशाला म्हणायला हवं?

कलाविभागानं आणलेला हातकागद दिसायला झकास, पण खळ (पेज) न दिलेला. पहिल्याच अक्षराला शाई फुटली, कडांना केसासारखे तंतू. मग तांदळाची पातळ खळ दोन हात देऊन, सावलीत वाळवून, अकीकाच्या गोट्यानं घोटून बारा ताव तयार केले. शाई काजळी आणि बाभळीच्या डिंकाची. डिंक जास्त झाला की दिव्याखाली अक्षर चकाकतं आणि कागद गुंडाळताना तडकतं. कमी झाला की काजळी बोटाला लागते, तिथून पांढऱ्या अंगरख्याला. दौतीत चिंधीचा बोळा हवाच, नाहीतर बोरू गच्च भरून येतो आणि पहिल्या काढणीलाच थेंब पडतो. त्यात उन्हाळा, त्यामुळे दर दहा मिनिटांनी दौतीत दोन थेंब पाणी.

खरी अडचण नटाच्या हाताची निघाली. तो देवनागरीच्या सवयीनं आधी अक्षर काढी, मग वर रेघ. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि अक्षरं तिला खालून टांगत जातात, शब्दांत जागा न सोडता. कॅमेरा बोरूच्या टोकावर असताना ही चूक लपत नाही.

“काका, हात तुमचाच घेऊ या का?” सहाय्यकानं विचारलं.

अंगरख्याची बाही चढवली, नटाची अंगठी साबण लावून बसवली, मनगटाला मेकअप. सातव्या तावावर टेक ओके झाला. आधीच्या सहांपैकी दोन थेंबानं गेले, एक पंख्यानं. उरलेले तीन माझ्याच घाईनं.

पॅकअपच्या आधी कळलं, की बायको पत्र वाचते तो शॉट परवाच झालाय. तिथे कागद चौघडी घातलेला, आणि आमचा गुंडाळीचा. नव्यानं काही घ्यायला उजेड नव्हता. ओके झालेल्या तावाला मीच चार घड्या घातल्या. डिंक बेताचा होता, अक्षर तडकलं नाही. तो उलगडल्याचा तीन सेकंदांचा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी घेतला.