तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पुस्तकांतले, गाण्यांतले अपमानकारक शब्द गाळावेत का?

नवी आवृत्ती काढायची म्हटली की हा प्रश्न येतोच. माझं मत सरळ आहे: संहिता होती तशी राहू द्यावी, आपल्याला जे सांगायचं ते सुरुवातीच्या टिपणात सांगावं.

आधी पाहायचं, शब्द कुणाच्या तोंडी आहे. निवेदकाच्या असेल तर तो बहुधा लेखकाचा आणि त्याच्या काळाचा पूर्वग्रह. पात्राच्या असेल तर ते पात्र कसं आहे हे दाखवायलाच तो बऱ्याचदा आलेला असतो. अमेरिकी लेखक मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन' या कादंबरीच्या २०११ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका आवृत्तीत काळ्या माणसांसाठीची शिवी काढून २१९ ठिकाणी 'गुलाम' हा शब्द घातला गेला. पण गुलामी हा कायद्याने लादलेला दर्जा आणि शिवी म्हणजे निव्वळ तिरस्कार. कादंबरीचा नायक हक, त्याचा दारुडा बाप एका स्वतंत्र, सुशिक्षित काळ्या प्राध्यापकावर याच शिवीने तोंडसुख घेतो. तो माणूस गुलाम नाही, हीच तर बापाची पोटदुखी! तिथे 'गुलाम' बसणार कसा?

गाण्याचं अधिक अवघड. शब्द मात्रांत आणि यमकात अडकलेला असतो. शिवाय जुन्या मोनो, म्हणजे एकाच ध्वनिपट्टीच्या, ध्वनिमुद्रणात आवाज आणि वाद्यं एकत्रच असतात. शब्द दाबला की ठेकाही तुटतो आणि ऐकणारा ती रिकामी जागा मनात नेमक्या त्याच शब्दाने भरतो. हयात कलावंताने स्वतः ओळ बदलून पुन्हा गायली तर मात्र हरकत नाही. २०२२ मध्ये अमेरिकी गायिका लिझो आणि बियॉन्से यांनी अपंगांना दुखावणारा शब्द असाच बदलला.

टिपण छोटं, पानभराचं असावं. कोणता शब्द, तेव्हा तो कुणाला हिणवायला वापरत, आज तो का टोचतो, एवढं पुरे. ते शेवटी ढकलू नये. ज्याच्यावर तो शब्द रोखलेला होता त्या वाचकाला आधीच कळायला हवं. पानोपानी तळटिपाही नकोत, वाचन मोडतं.

लहान मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढताना शब्द बदलायला माझी ना नाही. मात्र 'संपादित' हे मुखपृष्ठावर आणि बदलांची यादी आत हवी. ब्रिटिश बालसाहित्यकार रोआल्ड डालच्या पुस्तकांतले बदल २०२३ मध्ये गाजले, तेव्हा प्रकाशकाला मूळ संहितेचा १७ पुस्तकांचा वेगळा संच जाहीर करावा लागला. छापील जुनी प्रत निदान कपाटात उरते. ई-पुस्तकाची फाइल वाचकाच्या नकळत बदलता येते, म्हणून तिथे बदलाची तारीख आणि जुनी संहिता दोन्ही ठेवायलाच हवीत.