शॉर्टहँड: ८० पास झाले, १०० ला अडकले – माझा अनुभव

‘स्पीड वाढव.’ इंग्रजी शॉर्टहँडची, म्हणजे बोलणं ऐकत खुणांनी झटपट लिहून घ्यायची, मिनिटाला ८० शब्दांची परीक्षा पास झाल्यावर १०० च्या तयारीत क्लासमध्ये मला एवढंच ऐकायला मिळालं. उतारा चुकला, स्पीड वाढव. अर्धा पान वाचता आलं नाही, स्पीड वाढव. तो क्लास सोडून आता बराच काळ झाला, तरी हे दोन शब्द आठवले की अजून राग येतो. माझ्या बॅचमधली कितीतरी हुशार मुलं ८० नंतर ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणत सोडून गेली. त्यांचा हात चांगला चालायचा. अडचण वेगळीच होती आणि ती कुणी दाखवून दिली नाही. आज जी मुलं तिथेच अडकली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

टायपिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इंग्रजी ३०, मग ४०, मराठी ३०. सगळं कॉम्प्युटरवर. मराठीचा रेमिंग्टन कीबोर्ड सुरुवातीला परका वाटतो, पण बोटांना एकदा जागा कळल्या की डोळे आपोआप स्क्रीनवर राहतात. रोज तासभर बसलं तर टायपिंग होतं, त्यात अडकून पडायचं कारण नाही.

शॉर्टहँडचं गणित वेगळं आहे. राज्य सरकारात लघुटंकलेखकाला ८०, लघुलेखक निम्न श्रेणीला १०० आणि उच्च श्रेणीला १२० शब्द प्रति मिनिट लागतात. म्हणजे ८० वर थांबलं तर एक दार उघडतं, पुढची दोन बंदच राहतात. मला निम्न श्रेणी हवीच होती.

आता क्लासमध्ये काय चालायचं ते सांगते. एका तासाची बॅच. सर मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं डिक्टेशन लावायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, मग कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायचो. दुसऱ्या दिवशी कागद परत मिळायचा. वर लाल शाईत चुकांचा आकडा आणि त्याखाली तोच शेरा. कोणता शब्द का चुकला, आउटलाइन (शब्दाची शॉर्टहँडमधली खूण) चुकीची काढली की बरोबर काढून चुकीची वाचली, यावर एक अक्षर नाही. मी एकदा विचारलं, “सर, डिक्टेशननंतर वहीतलं वाचून घ्याल का?” तर म्हणाले, “वेळ कुठंय? पुढची बॅच बाहेर उभी आहे.” उलट १०० जमत नाही म्हणून ११० ची, १२० ची रेकॉर्डिंग लावायला लागले, म्हणे जास्त स्पीडची सवय झाली की १०० हळू वाटेल. झालं असं की माझ्या वहीतल्या रेघा आणखी बिघडल्या. घाईत जवळजवळ सगळं लिहून व्हायचं, पण टाइप करायला बसले की स्वतःचंच लिहिलेलं वाचता यायचं नाही. फी मात्र दर महिन्याला वेळेवर घ्यायचे.

यातून मला बाहेर काढलं आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांनी. ते कोर्टातून स्टेनो, म्हणजे लघुलेखक म्हणून रिटायर झालेले. आई त्यांच्याकडे काहीतरी द्यायला गेली होती, तिनेच विषय काढला.

मी गेले आणि म्हटलं, “काका, शंभरला माझा हात चालत नाहीये.”

“वही आण आधी,” ते म्हणाले.

वही चाळून त्यांनी मागच्या आठवड्यातला एक उतारा काढला. “हं, वाच हे.”

मला पहिल्या तीन ओळींच्या पुढे जाता येईना.

“लिहिलंयस तर सगळं. हाताला काय धाड भरलीय? वाचायला कुणी शिकवलं नाही तुला.” मग त्यांनी विचारलं, “कशानं लिहितेस?”

“बॉलपेन.”

“ते आजपासून बंद.”

पिटमनचं शॉर्टहँड शिकलेल्यांना हे कळेल, पण नवीन मुलांसाठी सांगते, कारण पुस्तकात हे पहिल्याच धड्यांत असतं आणि क्लासमध्ये त्यावरून घाईनं पुढे जातात. आयझॅक पिटमनची ही पद्धत १८३७ ची. त्यात स्पेलिंग नाही, आवाज लिहितात. ‘प’ आणि ‘ब’ ची रेघ एकच, तिरपी. प पातळ, ब जाड. ‘क’ आणि ‘ग’ ची आडवी रेघ. क पातळ, ग जाड. स्पीडला लिहिताना स्वर दाखवणारी टिंबं आणि बारीक रेघा गाळाव्या लागतात. मग पॅक, बॅक आणि बॅग या तीन शब्दांचा आकार तोच आणि ओळीवरची जागाही तीच. फरक फक्त कुठली रेघ दाबून काढली एवढाच. काकांनी मला हे तीन शब्द माझ्या बॉलपेननं लिहायला लावले आणि वही फिरवून विचारलं, “यात बॅग कुठली?” तिन्ही एकसारखे दिसत होते. मला सांगता आलं नाही.

जागेचंही तसंच. टॉप ओळीच्या वर, टेप ओळीवर, टिप ओळीला कापून. आकार एकच, जागेवरून स्वर कळतो. १२० च्या रेकॉर्डिंगमागे धावताना माझे सगळे शब्द ओळीच्या आसपास कुठेतरी पडत होते. म्हणजे जाड-पातळ गेलं, जागा गेली, टिंबं आधीच गाळलेली. वाचायला उरलं काय? आणि यावर औषध म्हणून मला आणखी स्पीड दिला जात होता. हे लक्षात आलं त्या दिवशी घरी येऊन मी रडले, रागानं.

काकांनी सुरुवात अक्षर घटवण्यापासून केली. शाळेत चाररेघी वहीत इंग्रजी गिरवून घ्यायचे ना, तसं. एक ओळ प, एक ओळ ब. एक ओळ ट, एक ओळ ड. हळू, हलक्या हातानं, मऊ पेन्सिलीनं. पातळ रेघ काढताना पेन्सिल कागदाला जेमतेम टेकलेली, जाड सरळ रेघेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा दाब. मनगट उचललेलं. डिक्टेशन पूर्ण बंद. मला वाटलं, परीक्षा जवळ येतेय आणि आपण रेघोट्या काढत बसलोय. पण त्यांनी ऐकलं नाही, आणि ते बरंच झालं.

मग डिक्टेशन, तेही परत ८० पासून. ते पेपरमधला अग्रलेख घ्यायचे आणि पेन्सिलीनं शब्द मोजून तिरक्या रेघा मारायचे. ८० साठी दर २० शब्दांवर रेघ आणि ती १५ सेकंदांत गाठायची. ९० साठी दर ३० शब्दांवर, २० सेकंदांत. १०० साठी दर २५ शब्दांवर, १५ सेकंदांत. घरी भावंडाला किंवा आईला घड्याळ देऊन हे कुणीही करू शकतं, रेकॉर्डिंग विकत घ्यायची गरज नाही. क्लासमध्ये ९० हा टप्पाच नव्हता. माझ्या मते खरी चढण तिथेच चढून होते.

उतारा संपला की लगेच मोठ्यानं वाचायचा. अडला तो शब्द गोल करायचा, डिक्शनरीत त्याची बरोबर आउटलाइन बघायची आणि तोंडानं उच्चारत एक ओळ भरून लिहायची. दुसऱ्या दिवशी नवीन लिहायच्या आधी कालचं परत वाचायचं. आणि आठवड्यानं तोच उतारा पुन्हा काढायचा, कारण तोवर मजकूर विसरलेला असतो आणि केवळ रेघांवरून वाचावं लागतं. हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगाचं.

वाचनाला एवढं महत्त्व का, ते आकड्यांत बघा. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी स्टाफ सिलेक्शन कमिशन जी परीक्षा घेतं, त्यात ग्रेड सी स्टेनोला १०० च्या स्पीडनं १० मिनिटं डिक्टेशन असतं, म्हणजे १००० शब्द, आणि इंग्रजीत ते उतरवायला ४० मिनिटं. मिनिटाला २५ शब्द झाले. टायपिंग तर आपण ४० चं पास झालेलो असतो. मग वेळ जातो कुठे? वहीकडे बघत ‘हे काय लिहिलंय’ म्हणण्यात. ग्रेड डीला ८० नं ८०० शब्द आणि ५० मिनिटं, तिथे तर आणखी सवड आहे.

पेन्सिलीवरून आठवलं: परीक्षेला टोक केलेल्या चार-पाच न्या, बोथट झाली की दुसरी उचला. वहीच्या एकाच बाजूला लिहा आणि शेवटच्या दोन ओळी उरल्या की डाव्या हातानं पानाचं खालचं टोक आधीच उचलून ठेवा. पान उलटताना माझे तीन-चार शब्द जायचे, ते या सवयीनं थांबलं.

१०० ची परीक्षा झाली तेव्हा डिक्टेशन संपल्यावर शेजारचे सगळे लगेच टाइप करायला लागले. मी काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी पूर्ण उतारा नजरेखालून घातला, शंका आली तिथे स्वरांची टिंबं भरली आणि मगच कीबोर्डला हात लावला. वेळ उरला. निकाल कळला तेव्हा मी पेढे घेऊन पहिल्यांदा काकांकडेच गेले. आज निम्न श्रेणीत काम करतेय आणि १२० ची तयारी चालू आहे, याच पद्धतीनं.

आणखी एक, हे आधी लिहायला हवं होतं. परीक्षेचा फॉर्म क्लास भरत असेल तर नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी ताडून बघितल्याशिवाय सबमिट करू देऊ नका.

आणि क्लास लावायच्या आधी, फी भरायच्या आधी, १०० च्या एका बॅचमध्ये मागे बसून बघण्याची परवानगी मागा. डिक्टेशन संपल्यावर मुलांकडून वही वाचून घेतात का, तेवढं बघा. घेत नसतील तर दुसरा क्लास शोधा.